नागपूरचा शेक

हिंगणघाट, १८ नोव्हेंबर १९९९

हरिदास,

वर आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. सहा वर्षांत साळा-भाऊजींचं नातं कुठवर आलं, ते तुलाही ठाऊक नसेल. पत्ता मंजुषाकडून घेतला. तुझी बहीण दर राखीला तुला पाकीट धाडते आणि मला त्याचा पत्ता नाही असं समजते. माझे कान तू ओळखतोस. तिकिटाला थुंकी लावलेली मला माजघरातून ऐकू येते.

सासूबाईंच्या तेरवीत मी पंगतीसमोर तुला 'पाहुणे' म्हणालो आणि तू ताटावरून उठलास, तो विषय या पत्रात नाही. कधी समोरासमोर भांडू. पत्रात भांडायला मजा येत नाही, उत्तर यायला महिना लागतो.

काम तुझ्या बहिणीचं आहे. उन्हाळ्यापासून आनंदाला एकाचे दोन दिसत होते. आधी तिने हसण्यावारी नेलं. "दोन-दोन दिसून राह्यले तुमी. मले एकच झेपत नोहता," म्हणाली. वर्ध्याच्या चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला. मग डोकं दुखायला लागलं आणि नागपूरला फोटो काढला. कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे, मेंदूचा देठ जिथून खाली उतरतो त्याच्या तोंडाशी गाठ निघाली. नाकातून ऑपरेशन करून जेवढी आली तेवढी काढली. उरलेली नसांना चिकटून आहे. कॉर्डोमा म्हणतात. हळू वाढते, पण पिच्छा सोडत नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, आता रेडिएशनचा शेक द्यायचा, आपल्याकडे मशीन आहे, पुढच्या आठवड्यात सुरू करू. मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन चपला घालत होतो. दार अर्धं उघडं होतं. आत धाकटा डॉक्टर काहीतरी पुटपुटला, त्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "हो रे, ही केस खरं तर प्रोटॉनची. पण ते इथे कुठे?"

आता बाजारात माझं आयुष्य गेलं. माणूस 'खरं तर' म्हणाला की त्याच्या पुढचं ऐकायचं, मागचं सोडून द्यायचं. प्रोटॉन हा शब्द मी हातावर पेनाने लिहून घेतला आणि मंजुषाला दाखवला. ती म्हणाली, "बाबा, मामा त्याच मशीनवर काम करते ना अमेरिकेत!"

तर सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहून कळव. नागपूरचा शेक आणि तुझा प्रोटॉन यांत फरक काय? आनंदाला या पत्राचं सांगितलेलं नाही.

रूपराव


हिंगणघाट, १० जानेवारी २०००

हरिदास,

पत्र पोचलं. एवढं मोठं पत्र मला आजवर फक्त विक्रीकरवाल्यांनी पाठवलं होतं. मी ते सावकाश वाचलं. समजलं ते उलटं सांगतो, चुकलं तर सुधार.

नागपूरचा शेक म्हणजे एक्स-रेच, फक्त जबर जोराचा. एक प्रकारचा उजेड, डोळ्याला न दिसणारा. त्याला वजन नाही. तो कातडीच्या जरा आत सगळ्यात जास्त भाजतो, मग कमी कमी होत गाठीतून जातो आणि पलीकडून निघून जातो. म्हणून तो चहूबाजूंनी थोडा थोडा सोडतात. गाठीवर सगळ्यांची बेरीज होते, पण वाटेतल्या चांगल्या भागालाही चटका बसतोच. प्रोटॉन हा कण आहे, त्याला वजन आहे. तो वाटेत थोडंच देतो आणि जिथे त्याचा दम संपतो तिथे सगळं ओतून तिथेच राहतो. किती खोल जायचं ते आधी ठरवून देता येतं. त्याच्या पलीकडे काही नाही. जपानमध्ये याहून जड कण वापरतात ते तू लिहिलंस, ते मी सोडून दिलं. एका वेळी एकच परदेश पुरे.

मी प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहत होतो तेव्हाचं सांगतो. सरकी वेगळी करायच्या जिनमध्ये कापसातला खडा घासून ठिणगी उडते. ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली तर बाहेरून कोणाला कळत नाही. पट्ट्या आवळलेल्या, वरचं कापड पांढरंशुभ्र, आणि आत पोटात जळत असतं. तीच गाठ उन्हात टाकली तर वरून तापते आणि आत गार राहते. तर एक्स-रे म्हणजे ऊन, आणि प्रोटॉन म्हणजे पोटातली ठिणगी. बरोबर आहे का? तुझ्या गोऱ्या साहेबांना सांग, हिंगणघाटात असं समजतात.

शेवटी तू लिहिलंस, 'भाऊजी, पेशी उजेडाने मेली की कणाने, हे पेशीला कळत नाही. तिथे सोय आहे, सुरुवात करा.' हे शहाण्यासारखं लिहिलंस. पण त्याच्या आधीच्या पानावर तूच लिहितोस की त्या जागी एक्स-रे पूर्ण जोराने देता येत नाही, मेंदूच्या देठाला सोसत नाही. प्रोटॉन देता येतो. आणि एकदा एक्स-रे घेतला की मागून प्रोटॉन पूर्ण घेता येत नाही. मग मी काय वाचायचं, आधीचं पान की शेवटचं?

माझा धंदा तुला माहीत आहे. दिवाळीत सगळं हिंगणघाट सरकी विकून मोकळं होतं. मी धरून ठेवतो. उन्हाळ्यात चारा आटतो, गुरांसाठी सरकीची ढेप मागायला लोक दारात येतात, तेव्हा काढतो. गाठी वाहणारा माणूस तेलघाणीचा मालक झाला तो दुसऱ्या कशाने नाही. "रूपराव धरून बसला म्हंजे भाव येनार," असं बाजारात माझ्या पाठीमागे बोलतात. चांगला भाव समोर दिसत असताना आजच्या भावाला माल सोडणं माझ्या हाताला जमत नाही.

शेक सुरू केलेला नाही. डॉक्टरांना संक्रांतीनंतर बघू म्हणून सांगितलं. सगळ्या फिल्म आणि कागद याच पाकिटात आहेत. तुमच्याकडच्या डॉक्टरांना दाखव. आनंदाला आता सांगितलं आहे. ती खूश आहे.

रूपराव


हिंगणघाट, ६ मार्च २०००

हरिदास,

तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं हे वाचून घाणी बंद ठेवून सगळ्यांना पेढे वाटले. नत्थूजीने, माझ्या प्रेसिंगच्या दिवसांतल्या जोडीदाराने, विचारलं, "कायचे पेढे, भाऊ?" मी म्हटलं, "तुयी वयनी अमेरिकेले जाते." तो म्हणाला, "मंग तुमी इकडं स्वयंपाक शिका."

जूनची तारीख म्हणजे जरा लांब आहे. पण तुमच्याकडेही रांग असते हे समजलं. पासपोर्ट झाला. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला मंजुषा सोबत येईल.

तू परत परत लिहितोस की जूनपर्यंत असंच ठेवणं धोक्याचं आहे, मी तारीख राखून ठेवली पण नागपूरच्या डॉक्टरांना विचारून निर्णय घ्या. विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जाणारच असाल तर मी अडवणार नाही. मला विचाराल तर एवढे महिने रिकामे सोडू नका." मी म्हटलं, साहेब, इथे घेतला तर तिकडचा पूर्ण घेता येत नाही ना? ते म्हणाले, "ते खरं आहे." झालं. सौद्यात समोरच्याने 'ते खरं आहे' म्हटलं की मी उठतो.

मंजुषा माझ्याशी नीट बोलत नाही. परवा बोरगाव मेघेच्या तिच्या घरून आली, चप्पलही न काढता दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आई म्हंजे सरकीचा ढीग नोहे." तिची आई आतून ओरडली, "अवो, पोरीले पानी तं देऊ द्या, मंग भांडा." पोरगी रडली, मग जेवून गेली.

आनंदाची तब्येत बरी आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधली की एकच दिसतं. पाणी पिताना मधूनच ठसका लागतो, तो उन्हाळ्याचा असेल. या वर्षी मार्चमध्येच फार तापलं आहे. तिने तुझ्यासाठी कुरड्या घालायला घेतल्या आहेत. विमानात नेऊ देतात का ते विचार.

रूपराव


हिंगणघाट, २२ मे २०००

हरिदास,

परवा मंजुषाकडे तुझा फोन आला तेव्हा तू मध्येच इंग्रजीत शिरलास. तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी माणूस आपल्या भाषेत सांगतो.

मी तुला 'परत सांग' म्हटलं ते ऐकू आलं नाही म्हणून नाही. एवढी वर्षं हे कान माझ्या कामी आले, त्या दिवशी ते नसते तर बरं झालं असतं.

आता मी सांगतो, चूक असेल तर सांग. नोव्हेंबरच्या फिल्ममध्ये गाठ आणि मेंदूचा देठ यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. तुझा प्रोटॉन गाठीच्या टोकापर्यंत जाणार होता आणि त्या फटीत संपणार होता. त्याची सगळी करामत तेवढ्या फटीवर होती. तुला मागाहून पाठवलेल्या नवीन फिल्ममध्ये गाठ देठाला टेकली आहे, थोडी दाबतेही आहे. आता टोकापर्यंत न्यावा तर देठ जळतो. अलीकडे संपवावा तर तेच टोक जिवंत राहतं. म्हणून तुमचे डॉक्टर नाही म्हणाले.

म्हणजे जगातलं सगळ्यात बारीक हत्यार मिळावं म्हणून मी बसून राहिलो, आणि ते चालवायला जेवढी जागा लागत होती तेवढी बसल्या बसल्या संपली. सरकी ढिगात असते तेव्हा ढीग वाढत नाही, हरिदास. हे मला इतक्या वर्षांच्या धंद्याने शिकवलं नाही.

ठसका उन्हाळ्याचा म्हणून लिहिलं होतं. उन्हाळ्याचा नव्हता. मार्चपासून मला ऐकू येत होतं. ती एका घासाला दोनदा गिळत होती. शेजारी बसून ऐकत होतो आणि तुला कुरड्यांचं लिहीत होतो.

अजून एक लिहिलं नव्हतं. जानेवारीत मी तिला विचारलं होतं, शेक नागपूरला घ्यायचा की तिकडे जायचं. मी तुझं पत्र घेऊन समजवायला बसलो, उजेड काय, कण काय. तिने ते काही ऐकलं नाही. म्हणाली, "तिकडं गेलं तं हरिदास दिसन का?"

मी म्हटलं, "दिसन काय, तोच मशीन चालवन."

"मंग थांबू."

तिला माझ्या प्रोटॉनशी काही देणंघेणं नव्हतं. ती तुझ्यासाठी थांबली होती आणि मी तिचा होकार माझ्या बाजूला मोजला. हे तुला आधी लिहिलं असतं तर तूच विमानात बसून आला असतास आणि आम्ही जानेवारीतच नागपूर गाठलं असतं. कदाचित. 'कदाचित'वर मी कधी माल घेतला नाही.

उद्या नागपूरला जातो. काल विचारायला जाऊन आलो, मोठे डॉक्टर मला काही टाकून बोलले नाहीत. फाइल उघडली आणि म्हणाले, "चला, सुरू करू." बोलले असते तर बरं झालं असतं.

रूपराव


नागपूर, २ जुलै २०००

हरिदास,

हे पत्र दवाखान्याजवळच्या खोलीतून लिहितो आहे. मंजुषाने तिच्या शाळेतल्या नोकरीतून रजा काढली, ती आईजवळ आहे. मी डबा, औषधं आणि रांग सांभाळतो. रांगेत माझी सगळ्यांशी ओळख झाली. चंद्रपूरचा एक गुरुजी आहे, त्याच्या घशाला शेक चालू आहे, बोलता येत नाही तर पाटीवर लिहून माझी थट्टा करतो.

आनंदासाठी प्लास्टिकच्या जाळीचा साचा केला आहे. गरम करून तोंडावर बसवतात, थंड झाला की तिच्याच चेहऱ्याचा होतो. तो टेबलाला अडकवतात, डोकं हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "चायनीतून पाह्यलं मी आज जगाले. बरं दिसते. गाळून घेतल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "याचा तं काईच चटका लागत नाई. याच्यासाठी तुमी अमेरिका काऊन धरून बसले होते?"

तिने ते हसत विचारलं. मंजुषाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी डबा धुवायला गेलो.

डॉक्टर जेवढा सोसेल तेवढाच देतात, देठाकडे बघून. गाठ जाणार नाही असं त्यांनी मला वेगळं घेऊन सांगितलं, जेवढे दिवस बरे जातील तेवढे जातील. पण सांगायला आनंद वाटतो, काल तिने वाटीभर वरण-भात एकदाही न ठसकता खाल्ला. मी दाराआड उभा राहून ऐकला. एका घासाला एकदाच गिळत होती. हा माझ्या नावडत्या एक्स-रेचा पराक्रम.

तू लिहितोस, दिवाळीत रजा मिळेल, तेव्हा येतो. हरिदास, मी जन्मभर लोकांना 'अजून थोडं धरा' म्हणत आलो. तुला म्हणत नाही. दिवाळी लांब आहे. रजा मिळत नसेल तर नोकरी सोडून ये, तुला तेलघाणीवर लावतो, वजनमाप तुला येतंच. थट्टा सोड. ये. माझ्या कानांनी ऐकून सांगतो, तिच्या आवाजाला आता पहिल्यासारखा तळ राहिलेला नाही.

मशीन आणायची गरज नाही. तू एकटा आलास तरी चालेल.

रूपराव


हिंगणघाट, ११ फेब्रुवारी २००१

हरिदास,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की बाहेर कोणीतरी हाक मारायचं आणि मला बरं वाटायचं.

ऑगस्टमध्ये तू आलास आणि पोळ्यापर्यंत राहिलास, ते मी परत लिहीत नाही. तुम्ही दोघं बहीण-भाऊ ओसरीत बसून बोलायचात, तेव्हा मी घाणीवर जाऊन बसायचो. घरी असतो तर ऐकू आलं असतं. कान असून न ऐकण्याचं काम मी आयुष्यात तेवढंच केलं. ती गेली त्या सकाळी काय काय झालं ते मंजुषाने तुला कळवलं आहे. त्यात मला भर घालायची नाही. त्रास कमी झाला, एवढं खरं.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितोस, चूक तुझी. तू मला उजेड आणि कण इतकं चांगलं समजावलं नसतंस तर मी वाट पाहिली नसती. हरिदास, असं नको लिहू. मी विचारलं आणि तू खरं सांगितलंस. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'सुरुवात करा' असंही लिहिलंस. मी त्यातलं मला हवं ते घेतलं. ज्याने भाव सांगितला त्याच्यावर कोणी खापर फोडत नाही.

एक मागणं आहे. तुमच्याकडे आकडे असतात. डिसेंबरात नागपूरचा शेक घेतला असता तर ती अजून किती वर्षं राहिली असती, हे तुला काढता येत असेल. काढलंही असशील, तू मास्तर स्वभावाचा आहेस. मंजुषाने विचारलं तर तिला खरं सांग, तिचा हक्क आहे. मला सांगू नकोस. मीही विचारणार नाही. आणि कधी चुकून विचारलंच तर विषय बदल.

काल संध्याकाळी नत्थूजी आला. नेहमीसारखा खिदळत आला नाही, पायरीवरच बसला. त्याच्या बायकोच्या, सीताबाईच्या घशात गाठ निघाली आहे. वर्ध्याला तपासलं, नागपूरला शेक घ्यायला सांगितलं आहे. चहा घेतला तरी तो उठेना. मग म्हणाला, "भाऊ, तुमचा साळा तिकडच्या मशीनवर हाय ना? वयनीसाठी तुमी लिवलं होतं त्याले. गावात सारे बोलते, नागपूरच्या शेकाहून ते चांगलं असते म्हनून. खरं हाय का?"

मी रिकामे कप उचलून आत ठेवून आलो.

"लिवा ना त्याले, भाऊ. आमी थांबतो. सीताले काई घाई नाई. खाते-पिते, कापूस येचाले बी जाते. चांगलं होत असन तं चार-सहा महिने थांबाले काय लागते?"

हरिदास, खोटं बोलायचं मनात आलं. म्हणावं, नाही रे, सगळं सारखंच असतं. पण ते खोटं झालं असतं. आणि तुझं पत्र काढून त्याला उजेड आणि कण समजावत बसावं, तर त्याच्या डोळ्यांत जे आलं असतं ते मी ओळखतो. जानेवारीत माझ्याच डोळ्यांत होतं.

"असते," मी म्हटलं. "काही जागी ते चांगलं असते. पन सीताबाईले आज जे लागते ते नागपूरले हाय. उद्या सकाळी सातले दोघंबी कपडे करून दारात उभे राहा. मी गाडी घेऊन येतो."

"उद्या तुरीचं खळं हाय, भाऊ."

"खळं राहू दे."

"परवा गेलो तं?"

"नत्थू," मी म्हटलं, "सातले."

तो उठला, चपला घातल्या आणि अंगणातून वळून म्हणाला, "साडेसहाले उभे राह्यतो मंग."

तुझा भाऊजी,
रूपराव